मनगटावरचे आरोग्ययंत्र : घ्यावे की न घ्यावे?

मोजमापाचे कोणतेही साधन विकत घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. ते नेमके काय मोजते, हा पहिला. आणि मोजून जो आकडा हाती येईल त्याचे आपण काय करणार, हा दुसरा. दुधाचे माप घेताना गवळ्याला किंवा तराजू घेताना वाण्याला हे प्रश्न कोणी शिकवावे लागत नाहीत. परंतु आरोग्य मोजणारे घड्याळ, ज्यास बाजारात स्मार्टवॉच किंवा फिटनेस बँड म्हणतात, ते घेताना सुशिक्षित मनुष्यदेखील हे प्रश्न विसरतो आणि पट्ट्याचा रंग व पडद्याची चकाकी पाहून हजार-दोन हजारांपासून थेट पन्नास हजारांपर्यंत रुपये मोजतो. ह्या पुस्तिकेत त्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधावयाची आहेत. आणि ती हवेत तरंगू नयेत म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवून शोधावयाची आहेत.

ते गाव सिहोरा. (भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातही एक सिहोरा आहे, येथे अभिप्रेत आहे ते जबलपूर जिल्ह्यातील, तहसिलीचे ठिकाण.) जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जबलपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर ते वसलेले आहे. आसपास, विशेषतः गोसलपूरच्या बाजूस, लोहखनिजाच्या खाणी आहेत. बाकी मुलूख शेतीचा. १९५६ साली नवे मध्यप्रदेश राज्य होईपर्यंत ह्या भागाची राजधानी नागपूर होती, त्यामुळे कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने जबलपूरच्या परिसरात मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली, हे वाचकांस ठाऊक असेलच. अशा कुटुंबातील मुलगा आज पुण्यास किंवा बंगळूरास नोकरी करीत असतो, आणि दिवाळीस येताना साठी ओलांडलेल्या वडिलांसाठी एखादे आरोग्य-घड्याळ आणावे असे त्याच्या मनात येते. हेतू उत्तम आहे. पण हेतू उत्तम असला म्हणजे खरेदीही उत्तम होते असे नाही.

घड्याळ आणि नाडी यांचा संबंध जुना आहे. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आले आहे. परंतु तेथे भर नाडीच्या चालीवर आहे, संख्येवर नाही. संख्येवर भर दिला तो इंग्लंडमधील वैद्य जॉन फ्लॉयर याने. नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ त्याने मुद्दाम बनवून घेतले आणि १७०७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेत नॉर्मन होल्टर याने हिंडत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा विद्युत् आलेख काढणारे यंत्र तयार केले. १९४९ च्या सुमाराचे ते यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन ३५ किलोंहून अधिक होते. आज त्याचाच एक दूरचा नातू मनगटावर बसला आहे. प्रगती मोठी आहे, यात संशय नाही; पण आजोबांचे सर्व गुण नातवात उतरले असे मात्र समजू नये.

हे घड्याळ काम करते कसे? ते उलटे करून पाहिल्यास पाठीमागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश बराचसा शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी कातडीखालच्या सूक्ष्म वाहिन्यांत रक्ताची लाट येते, त्या क्षणी अधिक प्रकाश शोषला जातो व कमी परततो. लाट ओसरली की उलट घडते. परतणाऱ्या प्रकाशातील हा चढउतार टिपून यंत्र ठोके मोजते. चालणे मोजण्यासाठी आत एक अतिसूक्ष्म त्वरणमापक असतो, जो हाताचे हेलकावे ओळखतो. खरोखर मोजले जाते ते बहुधा एवढेच : परतणारा प्रकाश आणि हाताची हालचाल. काही महाग घड्याळांत ह्यांच्या जोडीला हृदयाच्या विद्युत्प्रवाहाचा एकपदरी आलेख काढण्याची सोय असते. पडद्यावर दिसणारे बाकीचे सारे, म्हणजे झोपेची प्रत, ताण, खर्च झालेले उष्मांक, हे ह्या थोड्या मोजमापांवरून बांधलेले अंदाज होत. यंत्राने काय पाहिले आणि काय तर्काने सांगितले, हा भेद वाचकाने मनात पक्का ठेवावा. पुढील विवेचन त्यावरच उभे आहे.

जे प्रत्यक्ष पाहिले जाते ते पुष्कळसे विश्वासार्ह असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात प्रकारची यंत्रे ६० स्वयंसेवकांच्या मनगटांवर बांधून तपासण्यात आली. सातांपैकी सहा यंत्रांत नाडीच्या मोजणीतील चूक शेकडा ५ हून कमी निघाली. पण खर्च झालेल्या उष्मांकांचा हिशेब पाहता सर्वांत चांगले यंत्रही सरासरीने शेकडा २७ चुकले आणि सर्वांत वाईट शेकडा ९३. म्हणजे घड्याळाने सांगितलेल्या उष्मांकांच्या भरवशावर जो मनुष्य जेवणात दोन पुऱ्या अधिक घेईल, तो पुऱ्यांच्या बाबतीत निश्चित आणि उष्मांकांच्या बाबतीत अंधारात असेल. नाडीची मोजणीदेखील पट्टा सैल असता, हात सतत हलत असता, थंडीने कातडीतील रक्तप्रवाह मंदावला असता किंवा मनगटावर गोंदण असता बिघडते. आपल्या खेड्यापाड्यांतील वृद्ध स्त्रियांच्या हातांवर गोंदण असतेच, हे परदेशी माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही.

रक्तातील प्राणवायूच्या मापनाविषयी अधिक सावध असावे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेत बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर आपल्याकडे घरोघर पोहोचला, आणि त्या जुलैत शासनास त्याच्या विक्रीतील नफ्यावर मर्यादा घालावी लागली. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधलेल्या तत्त्वावर चालणारे हे साधन बोटातून आरपार प्रकाश पाठविते. मनगटातून आरपार प्रकाश जात नाही, म्हणून घड्याळास परतलेल्या प्रकाशावर काम भागवावे लागते. बोटावरचे साधनही निर्दोष नाही : २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, साधन ठीक आकडा दाखवीत असता प्रत्यक्षात प्राणवायू धोकादायकरीत्या उतरलेला असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांत शेकडा ४ च्या आत, तर कृष्णवर्णीय रुग्णांत शेकडा १२ च्या घरात आढळले. आपणा सावळ्या लोकांनी ह्यातून काय घ्यावयाचे ते उघड आहे.

आता रक्तदाब. माझ्या मते सर्व प्रश्नाचा गाभा हाच आहे, आणि त्यावर थोडे अधिक थांबणे भाग आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी शेकडा ३५.५ व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला. तीन माणसांत एक. ह्या विकाराचा स्वभाव असा की तो दुखत नाही. डोके न दुखता, चक्कर न येता तो वर्षानुवर्षे रक्तवाहिन्या झिजवितो आणि एके दिवशी पक्षाघात किंवा हृदयविकार होऊन प्रकट होतो. म्हणून सिहोऱ्यातील त्या साठी ओलांडलेल्या गृहस्थाला आपल्या देहाविषयी एकच आकडा कळावयाचा असेल, तर तो रक्तदाबाचा कळला पाहिजे. आणि नेमका हाच आकडा मनगटावरचे घड्याळ सर्वांत वाईट सांगते.

ह्याचे कारण समजावून घेणे कठीण नाही. रक्तदाब मोजण्याची जी पद्धत १८९६ साली इटलीत रिवा-रोची याने आणि १९०५ साली रशियात कोरोत्कॉफ याने बसवून दिली, तिच्यात दंडावर पट्टा आवळून धमनी क्षणभर बंद करतात आणि मग दाब उतरवीत कोणत्या दाबास रक्त पुन्हा वाहू लागते ते पाहतात. येथे दाबाशी दाब तोलला जातो. पारड्यात दुसऱ्या बाजूस वजन असते. केवळ प्रकाशावर चालणाऱ्या घड्याळात पट्टा आवळला जात नाही, तेव्हा तोलणे होत नाही. ते लाटेच्या आकारावरून दाबाचा तर्क करते. पुष्कळ घड्याळांत आरंभी खऱ्या यंत्राने मोजलेला दाब भरावा लागतो आणि पुढे घड्याळ त्याच्या आसपासचे आकडे सांगत राहते. स्वस्त घड्याळांत तेवढीही तसदी नसते. वय व वजन विचारून ती एक सभ्य आकडा पुढे करतात. युरोपातील रक्तदाबतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ च्या आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले आहे की पट्टा न आवळता दाब सांगणारी साधने रोगनिदानास किंवा उपचार ठरविण्यास वापरू नयेत. (हवेने फुगणारा पट्टा असलेली काही मनगटी यंत्रे निराळी, पण ती थोडी आहेत, आणि त्यांतही हात हृदयाच्या पातळीस धरला नाही तर आकडा चुकतो.)

काही वाचक म्हणतील, चुकीचा का होईना, आकडा कळला तर बिघडले काय? बिघडते ते असे. ज्याचा दाब १७० आहे त्यास घड्याळ रोज १२४ दाखवीत राहिले, तर तो गोळी सोडतो. गोळी सोडल्याचा त्रास त्या दिवशी होत नाही, म्हणून घड्याळ खरे ठरते. आकडा मुळीच नसता तर मनात निदान शंका राहिली असती, आणि शंकेने मनुष्य दवाखान्यापर्यंत जातो. खोट्या दिलाशाने तो घरी बसतो. सिहोऱ्यासारख्या ठिकाणी ह्याचे मोल अधिक पडते, कारण पक्षाघाताच्या झटक्यानंतरची पहिली साडेचार तासच रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधासाठी उपयोगाची असतात. मेंदूचे छायाचित्रण करून ते औषध देण्याची सोय पाहावयाची तर जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयासारखे मोठे रुग्णालय गाठावे लागते, आणि झटका रात्री आला तर वाहन मिळविण्यापासूनच वेळ जाऊ लागतो.

ह्याउलट दंडावर बांधावयाचे, विजेरीवर चालणारे, प्रमाणित रक्तदाबमापक सुमारे दोन हजार रुपयांत येते. ते वापरण्याची रीत तेवढी शिकावी लागते. अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू वर्ज्य. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, पाय जमिनीवर सरळ ठेवावेत, उघड्या दंडावर पट्टा बांधावा, हात मेजावर हृदयाच्या पातळीस असावा, बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून पहिल्या दिवसाचे आकडे सोडावेत व बाकीच्यांची सरासरी काढावी. ती १३५ वर ८५ किंवा त्याहून अधिक आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. ज्यांस हाही खर्च नको त्यांच्यासाठी तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांचा रक्तदाब व रक्तशर्करा शासकीय आरोग्यकेंद्रांत विनामूल्य तपासण्याची राष्ट्रीय योजना आहेच. तिचा लाभ घेण्यास काहीही विकत घ्यावे लागत नाही, हेच बहुधा तिच्या उपेक्षेचे कारण असावे.

रक्तशर्करेविषयी थोडक्यात सांगता येईल. कातडीस न टोचता साखर सांगतो असे म्हणणाऱ्या घड्याळांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर इशारा दिला, आणि तोवर अशा एकाही घड्याळास वा अंगठीस आपण मान्यता दिलेली नाही असेही कळविले. मधुमेह्याने अशा आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरविणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

तर मग हे यंत्र सर्वथा निरुपयोगी आहे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. हृदयाचे वरचे कप्पे लयीने आकुंचन न पावता थरथरत राहण्याचा एक विकार आहे. डॉक्टर त्यास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. तो येतो-जातो, पुष्कळदा जाणवत नाही, आणि त्यामुळे रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. रात्रंदिवस नाडीवर बसलेले घड्याळ अशी अनियमितता टिपू शकते. ॲपल कंपनीच्या घड्याळाची ४,१९,२९७ लोकांवर केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत सर्व मिळून शेकडा सुमारे अर्ध्या टक्क्यास इशारा आला. पण ६५ वर्षांवरील लोकांत हे प्रमाण शेकडा ३ च्या आसपास होते, आणि चाळिशीच्या आतील लोकांत हजारी दोनाहूनही कमी. इशारा आल्यावर ज्यांनी छातीवर चिकटवावयाचे तपासयंत्र लावून परत पाठविले, त्यांपैकी शेकडा ३४ जणांत विकार पुन्हा दिसला. उरलेल्या सर्वांचा इशारा खोटाच होता असे नाही, कारण तपासयंत्र काही दिवसांनंतर लागले होते आणि विकार मधल्या काळात लपलेला असू शकतो.

वयाचा हा फरक एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. समजा, यंत्र निरोगी माणसांपैकी शंभरात एकासच चुकून इशारा देते. हजार तरुण घ्या, ज्यांत एकच रोगी आहे. तो सापडेल, पण त्याच्याबरोबर सुमारे दहा निरोगी माणसेही घाबरून डॉक्टरांच्या दारात उभी राहतील : अकरा इशाऱ्यांत एक खरा. आता हजार वृद्ध घ्या, ज्यांत ५० रोगी आहेत, आणि त्यांपैकी ४५ यंत्रास सापडतात. खोटे इशारे पुन्हा नऊ-दहाच. पंचावन्नांत पंचेचाळीस खरे! यंत्र तेच, चूक तीच. बांधले कोणी, ह्यावर त्याची किंमत ठरली. जाहिरातीत मात्र धावणारे तरुण दाखवितात.

एवढे सांगून एक कडक सूचना जोडली पाहिजे. घड्याळातील एकपदरी आलेखावरून हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. बनविणारेही तसे लिहून देतात. छातीत कळ येऊन घाम फुटला असता घड्याळ 'सर्व ठीक' म्हणते आहे म्हणून वाट पाहत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

पावलांच्या गणतीबाबत एक गंमतीची गोष्ट आहे. रोज दहा हजार पावले चालली पाहिजेत हा नियम बहुतेकांस वैद्यकशास्त्राचा वाटतो. तो आला जपानमधील एका पाऊलमापकाच्या नावातून. १९६५ साली विक्रीस आलेल्या त्या यंत्राचे नाव 'मानपो-केइ', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. पुढे २०१९ साली सुमारे १६,७०० वृद्ध अमेरिकन स्त्रियांच्या पाहणीत रोज ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण फार कमी चालणाऱ्यांपेक्षा कमी दिसले, आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. जागतिक आरोग्य संघटना तर पावले सांगतच नाही. ती आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगते, आणि त्यास भिंतीवरचे घड्याळ पुरते.

यंत्राने सवयी सुधारतात काय, ह्यावर पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. २०१६ साली अमेरिकेत ४७१ तरुण स्थूल व्यक्तींवर दोन वर्षे प्रयोग झाला. सर्वांस आहार-व्यायामाचा सल्ला मिळत होता. निम्म्यांस शिवाय दंडावर बांधावयाचे यंत्र दिले. यंत्र नसलेल्यांचे वजन सरासरी ५.९ किलो उतरले, यंत्र असलेल्यांचे ३.५ किलो. उलट २०२२ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेता, अशा यंत्रांमुळे माणसे दिवसास सुमारे १,८०० पावले अधिक चालतात असे दिसले. ज्यास हिशेबाची आवड आहे त्यास यंत्र चालविते. ज्यास नाही त्याचे यंत्र महिन्या-दोन महिन्यांत कपाटात जाते. आपण कोणत्या जातीचे, हे घरची वही पाहून कळते. घरखर्चाची वही फेब्रुवारीच्या पुढे गेलेली नसेल तर पावलांचीही जाणार नाही.

सिहोऱ्याच्या परिसरात आणखी एका वर्गास ह्या यंत्राचा उपयोग होऊ शकेल असे मला वाटते, आणि जाहिरातदारांच्या तो गावीही नाही. वैशाखात पारा चाळिशीपार गेला असता खाणीत किंवा शेतात राबणाऱ्यांच्या हृदयावर दुहेरी भार पडतो : स्नायूंस रक्त पुरवावयाचे आणि कातडीस थंड ठेवण्यासाठीही तेच रक्त फिरवावयाचे. सावलीत दहा मिनिटे विसावूनही नाडी खाली येत नसेल तर शरीर तापत चालले आहे हे ओळखून काम थांबविले पाहिजे. नाडी हीच घड्याळास बरी मोजता येणारी गोष्ट. परंतु मजुराने ते स्वतःच्या पैशाने घ्यावे असे मी म्हणणार नाही. पाणी, सावली आणि विश्रांती देण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांनी ती आधी पुरी करावी.

राहता राहिली माहितीच्या मालकीची बाब. नाडी, झोप, ठावठिकाणा हे सारे कंपनीच्या भांडारात जमा होते. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला आहे; तरी संमतीचा मजकूर न वाचता 'मान्य' म्हणणाऱ्याचे रक्षण कोणत्याही कायद्याने पुरतेपणी होत नाही.

तेव्हा माझे मत असे. घरात दंडावरचे रक्तदाबमापक नसेल तर प्रथम ते घ्यावे. पासष्टी ओलांडलेली व्यक्ती असेल, मधून मधून छातीत धडधडत असेल, डॉक्टरांनी नाडीवर लक्ष ठेवावयास सांगितले असेल आणि इशारा आल्यास जबलपूरला नेणारे कोणी घरी असेल, तर आलेख काढणारे चांगले घड्याळ जरूर घ्यावे. तेथे पैसा वाया जात नाही. मुलगा दूर असेल तर त्याने हा शेवटचा मुद्दा आधी पक्का करावा, कारण पुण्यात वाजलेल्या इशाऱ्यावर सिहोऱ्यात उठावयास माणूस लागतो. निरोगी तरुणाने हौसेसाठी घेतल्यास हरकत नाही, मात्र हौसेच्या खात्यावर लिहावे. रक्तदाब व साखर कळेल म्हणून कोणीही घेऊ नये.

दुकानात गेल्यावर दोन परीक्षा कराव्यात. अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी व मध्यमा टेकवून पूर्ण एक मिनिट स्वतःची नाडी मोजावी आणि घड्याळाच्या आकड्याशी ताडून पाहावी. चार-पाच ठोक्यांचा फरक चालेल. मग तेच घड्याळ घडी करून गुंडाळलेल्या पंचावर घट्ट बांधावे. कापडावरून परतलेल्या प्रकाशाने फसून त्याने नाडी दाखविली तर नवल मानू नये, चांगली यंत्रेही कधी फसतात. पण पंचाचा रक्तदाब १२० वर ८० निघाला, तर घड्याळ पेटीत घालून दुकानदारास परत करावे.